ग्राउंड, लेखी आणि दाखले : पोलीस भरतीच्या शंका

पोलीस भरतीवर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत धावण्याचे प्रश्न आहेत, दाखल्यांविषयी मोजक्याच वाचकांनी विचारलं आहे. प्रत्यक्षात बाद होणारे उमेदवार दोन्हीकडे सापडतात, म्हणून दोन्ही प्रकारची पत्रं निवडली आहेत. उत्तरांतले आकडे २०२२ मध्ये बदललेल्या सेवाप्रवेश नियमांनुसार आणि त्यानंतरच्या जाहिरातींनुसार आहेत. तुम्ही ज्या जाहिरातीवर फॉर्म भराल तिच्यातला आकडा अंतिम, हे गृहीत धरून वाचा.

वय २०, बारावी झाली आहे. घरी भिंतीला टेप लावून उंची मोजली तर १६४.५ सेंमी भरते. अर्ध्या सेंटिमीटरने अडवतात का? — एक वाचक, परतूर

अडवतात. पुरुष पोलीस शिपायाला किमान १६५ सेंमी उंची लागते आणि मोजमापात वर ओढून पूर्ण आकडा करण्याची पद्धत नाही. राज्य राखीव पोलीस बलासाठी तर १६८ लागते, त्यामुळे तो पर्याय तुमच्यासाठी नाही. महिलांना शिपाई पदासाठी १५५ आणि चालक पदासाठी १५८ सेंमी लागते.

पण आधी उंची नीट मोजून घ्या. भिंतीवरच्या टेपने एखाद्या सेंटिमीटरची चूक सहज होते. दवाखान्यातल्या किंवा तालमीतल्या उभ्या मापपट्टीवर अनवाणी उभे राहा. टाचा, नितंब, खांदे पट्टीला टेकलेले, नजर सरळ समोर. हनुवटी वर उचलली की उंची वाढत नाही, उलट डोक्याचा माथा मागे जाऊन कमी भरते. बरेच जण नेमकं हेच करतात. दुसरी गोष्ट वेळेची. दिवसभर उभं राहिल्यावर, ओझं उचलल्यावर मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि सकाळच्या मानाने संध्याकाळी माणूस साधारण एक सेंटिमीटर कमी भरतो. भरतीला रात्रभर बसने उभ्याने प्रवास करून पहाटे थेट रांगेत लागणाऱ्या मुलाचं नुकसान इथे होतं. आदल्या दिवशी पोहोचा आणि आडवे पडून झोपा.

छाती न फुगवता ७९ सेंमी आणि फुगवून किमान ५ सेंमी जास्त भरावी लागते. ७९ असणं पुरेसं नाही, ८४ पर्यंत नेता आली पाहिजे. सडपातळ मुलांची अडचण बहुधा फुगवण्यात असते. रोज दहा मिनिटं खोल श्वास, सोबत पुशअप्स आणि डिप्स केले तर दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो.

मोजमाप चुकलं असं वाटलं तर मैदान सोडण्याआधी तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे फेरमोजणी मागा. घरी गेल्यावर केलेल्या तक्रारीला काही अर्थ राहत नाही. तुमच्या वयाची अडचण नाही. शिपाई पदाला खुल्या प्रवर्गात १८ ते २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ पर्यंत मुभा आहे. राखीव बलाला हीच मर्यादा २५ आणि ३० आहे.

१६०० मीटर ६ मिनिटं २० सेकंदांत, १०० मीटर १३.२ सेकंदांत काढतो. गोळा साडेसहा मीटर जातो. भरती दोन-अडीच महिन्यांवर आली तर ग्राउंडला किती मार्कांची तयारी धरावी आणि वेळ कशावर घालवावा? — एक वाचक, बार्शी

ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० गुणांचं. १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. नियमानुसार ५० टक्के, म्हणजे २५ गुण मिळाले की तुम्ही पात्र. पण या २५ वर भरवसा ठेवू नका. लेखीला बोलावतात ते प्रवर्गातल्या जागांच्या दहापट उमेदवारांना, तेही ग्राउंडच्या गुणांच्या क्रमाने. तुमच्या प्रवर्गात १२ जागा असतील तर वरचे १२० जण लेखीला जातील, मग १२० व्या मुलाला ३६ असोत की ४१. २०२४ च्या भरतीत राज्यभर १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज होते. पंचवीसवर थांबणाऱ्याला बोलावणं आलं तर ते अपवादानेच.

आता तुमचे आकडे. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याआधी संपवलं तर पूर्ण २० गुण. त्यानंतर वरच्या टप्प्यांत दर वीस सेकंदांना दोन गुण जातात, म्हणून साडेपाच मिनिटांना १८. तुमच्या ६.२० ला १२. शंभर मीटरला ११.५ सेकंदांत १५ गुण आहेत. १३.२ वर तुम्हाला १० मिळतील. गोळा साडेआठ मीटर गेला की १५, साडेसहाला निम्म्याहूनही कमी. म्हणजे सध्या तुमची बेरीज तिशीच्याही खालची.

सर्वांत स्वस्तात वाढणारे गुण गोळ्याचे आहेत. शंभर मीटरचा अर्धा सेकंद कमी करायला महिनोन्‌महिने जातात आणि त्यात जन्मजात वेगाचा भाग मोठा. गोळ्यात मात्र फेकच चुकीची असते, ती सुधारली की दोन महिन्यांत मीटर-दीड मीटर वाढतो. तरीही बहुतेक मुलं सकाळी सहा दिवस धावतात आणि गोळ्याला रविवारी अर्धा तास देतात.

पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा, महिलांचा ४ किलोचा. तो तळहातात धरू नका. बोटांच्या मुळाशी ठेवा, अंगठ्याने बाजूने आधार द्या, मानेला जबड्याखाली टेकवा. कोपर बाहेर आणि खांद्याच्या पातळीला. चेंडू फेकल्यासारखा हात मागे नेऊन फेकणं ही पहिली चूक. त्यात गोळा मानेपासून सुटतो, पंच फाउल देतात आणि खांदाही दुखावतो. गोळा ढकलायचा असतो. जोर पायातून सुरू होतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याने वजन वाकवलेल्या उजव्या पायावर घ्यावं, पाठ थोडी फेकीच्या दिशेला वळलेली, मग उजवा पाय जमिनीला रेटत कंबर पुढे फिरवावी, छाती समोर आल्यावरच हात सोडावा. सगळ्यात शेवटी मनगट आणि बोटं. हात आधी निघाला की पायाचा जोर वाया गेला. गोळा सपाट गेला तर लवकर पडतो आणि फार उंच गेला तर पुढे जात नाही.

पहिले दोन आठवडे पाच-सहा किलोच्या गोळ्यावर हालचाल बसवा, नंतर पूर्ण वजनाचा घ्या. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पंधरा-वीस फेकी पुरेशा आहेत. रोज पन्नास फेकणाऱ्याचं कोपर तिसऱ्या आठवड्यात बोलायला लागतं. सोबत बैठका, वजन घेऊन स्क्वॉट आणि पुशअप्स. फेकून झाल्यावर तोल जाऊन पाय रेषेवर पडला तर चांगली फेकही मोजत नाहीत. म्हणून सरावात रेषा आखूनच टाका आणि वर्तुळातून मागच्या बाजूने बाहेर पडायची सवय लावा.

१६०० मीटरचं गणित चारशे मीटरच्या फेऱ्यांत मांडा. तुमची फेरी सध्या ९५ सेकंदांची आहे. ५.४० काढायचे तर ८५ सेकंदांची हवी आणि ५.१० साठी साडेसत्त्याहत्तरची. अडीच महिन्यांत ५.४० हे लक्ष्य प्रामाणिक आहे. आठवड्यातून एक दिवस ४०० मीटर सहा वेळा, प्रत्येक ८४-८५ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालत विश्रांती. एक दिवस चार-पाच किलोमीटर इतकं सावकाश की बोलता यावं. एक दिवस अडीच-तीन किलोमीटर, दम लागेल पण मोडणार नाही अशा वेगाने. एक दिवस ६० मीटरच्या सहा-आठ धावा, त्यातूनच १०० मीटरची सुरुवात सुधारते. एक दिवस पूर्ण आराम. घड्याळ लावून पूर्ण १६०० दोन आठवड्यांतून एकदाच. रोज टायमिंग काढणाऱ्या मुलाचं टायमिंग महिन्याभरात अडकतं, कारण शरीराला सावरायला दिवसच मिळत नाही. डांबरी रस्त्यावर धावू नका. नडगी दुखायला लागली की तीन आठवडे घरी बसावं लागेल.

भरतीच्या दिवशी पहिली फेरी सगळेच भरधाव काढतात. त्यांच्या मागे लागून ती सत्तर सेकंदांत गेली तर तिसऱ्या फेरीत पाय जड होतील. गटात बाहेरच्या बाजूने धावणंही महाग पडतं, प्रत्येक वळणावर काही मीटर जास्त जातात. सगळ्या मैदानांचा ट्रॅक ४०० मीटरचा नसतो, म्हणून फेऱ्या किती हे सूचना देतात तेव्हा ऐका. पायाला बांधलेली चिप सैल असेल तर धावण्याआधीच सांगा, कारण वेळ तीच नोंदवते. चाचण्यांचा क्रम घटकागणिक, म्हणजे भरती घेणाऱ्या जिल्ह्या-आयुक्तालयागणिक, बदलतो. मध्ये तासभर बसावं लागलं तर पुन्हा अंग गरम केल्याशिवाय १०० मीटरला उभे राहू नका, मांडीचा मागचा स्नायू तिथेच जातो.

ग्राउंडच्या आधी इंजेक्शन घेतल्याने दम लागत नाही असं मुलं सांगतात. खरं आहे का? — एक वाचक, दिग्रस

उत्तेजक द्रव्यांची तपासणी भरतीत होते. त्यात सापडलेला उमेदवार बाद होतो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. पोलीस भरतीसाठी स्वतःवर गुन्हा ओढवून घेण्यात काय शहाणपण? शिवाय ही औषधं हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतात, थकव्याची जाणीव दाबतात आणि उन्हात शरीर तापल्याचा इशारा मिळू देत नाहीत. धावताना मुलं कोसळण्यामागे असलं काही पोटात असणं हे एक कारण असतं. आदल्या दिवशी भरपूर पाणी, सकाळी दोन तास आधी केळी किंवा भाकरी-गूळ, एवढं पुरेसं आहे.

एकाच वेळी मुंबई आणि आमच्या जिल्ह्यात दोन्हीकडे फॉर्म भरता येतो का? कुठे कटऑफ कमी लागतो? — एक वाचक, हिंगोली

एका पदासाठी एकाच घटकात एकच अर्ज. शिपाई पदाला हिंगोली आणि मुंबई असे दोन फॉर्म भरले आणि ते तपासणीत उघड झालं तर उमेदवारी रद्द होते. वेगळा मोबाइल नंबर किंवा ईमेल वापरून ते लपत नाही. मात्र पद वेगळं असेल तर घटकही वेगळा चालतो. शिपाई एका जिल्ह्यात, चालक शिपाई दुसऱ्या, सशस्त्र शिपाई राखीव बलाच्या एखाद्या गटात आणि कारागृह शिपाई आणखी कुठे, असे अर्ज करता येतात. प्रत्येकाचं शुल्क वेगळं : खुल्या प्रवर्गाला ४५० आणि मागास प्रवर्गाला ३५० रुपये. फक्त लेखीच्या तारखा एकाच दिवशी आल्या तर तुम्हालाच निवड करावी लागेल.

घटक निवडताना एकूण जागा पाहू नका. जाहिरातीच्या तक्त्यात तुमचा प्रवर्ग आणि तुमचं समांतर आरक्षण (महिला, खेळाडू, होमगार्ड वगैरे) यांच्या रकान्यात काय लिहिलंय ते पाहा. दीडशे जागांच्या जिल्ह्यात तुमच्या प्रवर्गाला शून्य असू शकतात आणि पन्नास जागांच्या जिल्ह्यात सहा. मागच्या दोन भरत्यांच्या अंतिम निवड याद्या जिल्हा पोलिसांच्या संकेतस्थळावर असतात, त्यातला तुमच्या प्रवर्गाचा शेवटचा गुण पाहा. मुंबईत जागा जास्त म्हणून गर्दीही जास्त. आमचं मत विचाराल तर, ग्राउंड कच्चं असेल तर जास्त जागांचा घटक बरा, कारण दहापटीचा आकडा मोठा होतो आणि ग्राउंडचा अडथळा ओलांडायला जागा मिळते. ग्राउंड पक्कं असेल तर स्वतःचा जिल्हा धरावा. आणि होमगार्डमध्ये सलग तीन वर्षं काढली असतील तर होमगार्डसाठी राखीव ५ टक्क्यांच्या रकान्याकडे दुर्लक्ष करू नका, अनेक ठिकाणी तिथला कटऑफ बराच खाली असतो.

लग्नानंतर नाव बदललं. दहावी-बारावीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. जात ओबीसी. दाखले कोणत्या नावाने काढू? नॉन-क्रीमिलेअर लागतं की रद्द झालंय? — एक वाचक, चिपळूण

जातीचा दाखला तुमच्या वडिलांच्या बाजूनेच निघतो, कारण जात जन्माने ठरते. सासरच्या कागदांवर काढलेला दाखला पडताळणीत टिकत नाही. अर्ज शक्यतो दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या नावाने भरा आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचं राजपत्र सोबत ठेवा. दोन्ही नावांची सांगड घालणारा एक तरी शासकीय कागद हवा. नुसतं शंभराच्या स्टॅम्पवरचं प्रतिज्ञापत्र घेऊन आलेल्यांना कागदपत्र तपासणीत बराच त्रास होतो.

नॉन-क्रीमिलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याच्या प्रमाणपत्राविषयी गोंधळ आहे खरा. मे २०२३ च्या शासन निर्णयाने रद्द झालेली अट खुल्या प्रवर्गातल्या महिलांची. ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांचं आरक्षण घ्यायचं तर ते प्रमाणपत्र आजही लागतं, महिलेलाही. त्यावर वैधतेची तारीख छापलेली असते, ती वाचा. हे, आर्थिक दुर्बल घटकाचं आणि अधिवासाचं प्रमाणपत्र, तिन्ही अर्जाच्या शेवटच्या तारखेला किंवा त्याआधी निघालेली असावीत. सेतूवर गर्दी असते, तहसीलमधून सही यायला आठवडे लागतात आणि फॉर्म सुटल्यावर धावाधाव करणाऱ्याच्या दाखल्यावर नेमकी चार दिवस उशिराची तारीख पडते. ग्राउंडला ४५ गुण असून खुल्यात ढकललेल्या मुलींची गोष्ट बहुधा अशीच असते. जाहिरात येण्याची वाट पाहू नका. दर एप्रिलमध्ये दाखले नवे करून ठेवा.

दोनपेक्षा जास्त अपत्यं नसल्याचं लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्रही द्यावं लागतं. ग्राउंडचं सांगायचं तर तुम्हाला १६०० ऐवजी ८०० मीटर आहे. २ मिनिटं ५० सेकंदांत २० गुण, १०० मीटर १४ सेकंदांत १५ आणि चार किलोचा गोळा ६ मीटरवर गेला की १५.

आम्ही निपाणीचे. शाळा मराठी माध्यमाची. महाराष्ट्र पोलिसांत जाता येतं का? — एक वाचक, निपाणी

येतं. महाराष्ट्र शासनाने दावा केलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक उमेदवारांना अर्ज करता येतो. त्या गावात १५ वर्षं वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो, तो वेळेत मिळवणं हाच मोठा भाग. तुमचं गाव त्या यादीत आहे का ते आधी तपासा.

एटापल्ली तालुक्यातला आहे. गडचिरोलीची परीक्षा वेगळी असते म्हणतात. — एक वाचक, एटापल्ली

हो. तिथे नेहमीच्या लेखीशिवाय गोंडी-माडिया भाषेवर वेगळा १०० गुणांचा पेपर असतो. घरी माडिया बोलणाऱ्यालाही देवनागरीत लिहिलेली माडिया पटकन वाचता येत नाही, हा अडथळा ओळखून सराव करा. भरती जिल्ह्यातल्या रहिवाशांपुरती असते, त्यामुळे रहिवासाचा कागद आधी तयार ठेवा.

लेखीला काय आणि किती वाचायचं? गणितात कच्चा आहे. — एक वाचक, संगमनेर

१०० गुण, ९० मिनिटं, वस्तुनिष्ठ प्रश्न. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी. चालक पदाला मोटार वाहन आणि वाहतुकीचे नियम त्यात येतात. ४० टक्क्यांखाली गेलात तर ग्राउंडला पन्नास असूनही बाद. अंतिम यादी ग्राउंड आणि लेखीची बेरीज करून लागते, १५० पैकी. म्हणजे लेखीचं वजन ग्राउंडच्या दुप्पट आहे, हे लक्षात घेऊन दिवसाचे तास वाटा.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही गोल रिकामा सोडू नका. शेवटची पाच मिनिटं त्यासाठीच राखून ठेवा. प्रश्नपत्रिकेचा संच कोड उत्तरपत्रिकेवर चुकीचा भरला तर सगळं उत्तर दुसऱ्याच संचाशी तपासलं जातं, हे दर भरतीत कुणाचं तरी होतं.

पेपर प्रत्येक घटक आपला काढतो, त्यामुळे अवघडपणा बदलतो. मात्र गणिताचे प्रकार तेच फिरतात : शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज, काळ-काम, काळ-वेग-अंतर, सरासरी, गुणोत्तर, वयवारी, लसावि-मसावि. गणितात कच्चे असाल तर नवीन पुस्तकं घेण्याआधी तीसपर्यंत पाढे, वीसपर्यंतचे वर्ग आणि अपूर्णांकांचं शेकड्यात रूपांतर तोंडपाठ करा. बुद्धिमत्ता चाचणीत वेळ गेला असं वाटतं, पण तो बहुधा मनातल्या आकडेमोडीत गेलेला असतो. व्याकरणात समास, प्रयोग, विभक्ती, वाक्प्रचार हमखास. आधीच्या भरतीत विविध जिल्ह्यांनी घेतलेले पेपर वेळ लावून सोडवा, किमान चाळीस तरी. सामान्य ज्ञानाच्या जाड पुस्तकांवर मुलं फार वेळ घालवतात. त्यातून मिळणारे गुण त्या मेहनतीच्या मानाने कमी आहेत.

कॉलेजमध्ये भांडण झालं होतं, गुन्हा दाखल झाला, नंतर न्यायालयात निर्दोष सुटलो. साक्षांकन नमुन्यात लिहावं लागेल का? — एक वाचक, अकलूज

लिहा. चारित्र्य पडताळणीसाठी भरायच्या या नमुन्यात अटक, गुन्हा, खटला असे स्वतंत्र प्रश्न असतात आणि निर्दोष सुटल्यानेही ‘गुन्हा दाखल झाला होता का’ याचं उत्तर ‘नाही’ होत नाही. चारित्र्य पडताळणी तुमच्याच पोलीस ठाण्यामार्फत होते, तिथे नोंद सापडणारच. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात माहिती दडवण्याबाबतची तत्त्वं घालून दिली. माहिती खरी दिली असेल तर गुन्ह्याचं स्वरूप आणि निकाल पाहून नियुक्तीचा विचार होतो, दडवली तर दडवणं हेच कारण ठरू शकतं. क्षुल्लक भांडणातून निर्दोष सुटलेल्याची बाजू ऐकली जाते. आरोपपत्र, निकालाची प्रमाणित प्रत आता काढून ठेवा, कारण जुना निकाल न्यायालयातून मिळायला वेळ लागतो. निर्दोष सुटका पुराव्याअभावी झाली की तडजोडीने, हेही तपासणारा अधिकारी वाचतो.

पदवीधर आहे, वय २४. शिपाई व्हावं की थेट फौजदारकीची तयारी करावी? — एक वाचक, नाशिक रोड

पोलीस उपनिरीक्षक होण्याचे नियमात तीन मार्ग आहेत : निम्म्या जागा लोकसेवा आयोगामार्फत सरळसेवेने, उरलेल्या विभागीय परीक्षेने आणि ज्येष्ठतेने पदोन्नतीवर. विभागीय परीक्षेची जाहिरात दरवर्षी येतेच असं नाही, त्यामुळे ‘आत शिरू, मग परीक्षा देऊ’ हा हिशेब एकट्यावर ठेवू नका.

सरळसेवेला कुठलीही पदवी, वय खुल्या प्रवर्गाला १९ ते ३१ आणि मागास प्रवर्गाला ३४. उंची पुरुषांना १६५, महिलांना १५७. पूर्व परीक्षा १०० गुणांची एका तासात, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. मुख्य परीक्षेचे दोन पेपर मिळून ४०० गुण, त्यानंतर शारीरिक चाचणी आणि ४० गुणांची मुलाखत. शारीरिक चाचणी १०० गुणांची असली तरी फक्त अर्हताकारी, ७० गुण मिळवले की पार, ते गुण यादीत धरत नाहीत. पुरुषांना गोळाफेक, पुलअप्स, लांब उडी आणि ८०० मीटर धावणे. मुख्य परीक्षेत उत्तम गुण असलेले अनेक जण इथे अडकतात, कारण निकाल लागल्यावर पुलअप्सची तयारी सुरू करतात. बसून अभ्यास करणाऱ्या मुलाला शून्यावरून सात-आठ पुलअप्सपर्यंत यायला तीन-चार महिने लागतात.

पगारात फरक आहे. शिपाई २१,७०० ते ६९,१०० च्या श्रेणीत, उपनिरीक्षक ३८,६०० ते १,२२,८०० च्या. चोवीस वय आहे, तर पुढची दोन वर्षं आयोगाला द्या आणि शिपाई भरतीचा फॉर्मही भरा. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी दोन्हीकडे चालतं. पण नोकरीला लागून अभ्यास करणं जमेलच असं मानू नका. बंदोबस्त, रात्रपाळी आणि सणावाराच्या सुट्ट्या रद्द यांत ते फार थोड्यांना जमतं.

मुलगा निवडला गेला. ट्रेनिंगला किती दिवस, काय शिकवतात, सोबत काय द्यावं? — एका मुलाची आई, वाई

अभिनंदन. आधी वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी होईल, मग नियुक्तिपत्र. मूलभूत प्रशिक्षण साधारण नऊ महिन्यांचं असतं. खंडाळा, मरोळ, नागपूर, अकोला, जालना, बाभळगाव, तुरची, सोलापूर, धुळे अशा ठिकाणी पोलीस प्रशिक्षण केंद्रं आहेत, कोणतं मिळेल ते घटक ठरवतो. उपनिरीक्षकांचं प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होतं. या काळात पगार सुरू असतो, मेसचे पैसे त्यातून जातात.

दिवस पहाटे सुरू होतो. आधी पीटी, मग कवायत, दुपारपर्यंत वर्ग, संध्याकाळी पुन्हा मैदान किंवा खेळ, रात्री हजेरी. मैदानात परेड, शस्त्र कवायत, लाठी, जमाव पांगवण्याची कवायत, नि:शस्त्र प्रतिकार आणि गोळीबाराचा सराव. वर्गात कायदे : १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, शिवाय १९५१ चा महाराष्ट्र पोलीस अधिनियम. जुने शिकलेले नातेवाईक ‘तीनशे दोन’, ‘चारशे वीस’ म्हणतील, त्याला मात्र नवी कलमं पाठ करावी लागतील : खुनाला १०३, फसवणुकीला ३१८. सोबत पंचनामा, स्टेशन डायरी, समन्स बजावणं अशी लिखापढी. परीक्षा असतात आणि नापास झाल्यास पुन्हा द्याव्या लागतात.

पहिल्या महिन्यात त्रास बहुतेकांना पायांचा होतो. नवे बूट, कडक जमीन, टाचा आपटत परेड, यातून नडगी सुजते, फोड येतात. ‘मागे पडू’ या भीतीने मुलं दुखणं लपवतात आणि हाडाला बारीक चीर पडली की महिनाभर मैदानाबाहेर बसतात. त्याला सांगा, दुखलं की पहिल्याच आठवड्यात आजारी रजिस्टरला नाव घाल. सोबत द्यायचं तर जाड सुती मोज्यांच्या पाच-सहा जोड्या, चांगल्या धावायच्या बुटांची जोडी, गरम पाण्याची पिशवी, कुलूप, मूळ कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती. डबे कमी द्या, खोलीत ठेवायला जागा नसते आणि लाडूंना मुंग्या लागतात. निघायच्या आधीचे दोन महिने त्याने धावणं सोडू नये. निवड झाली म्हणून आराम केलेली मुलं पहिल्या पंधरा दिवसांत सगळ्यात जास्त आजारी पडतात.